जलसिद्धराच्या नऊ कुंड्या

कुलपावरची लाख फुटली तेव्हा गल्लीत जमलेली साठ-सत्तर माणसं एकदम पुढे सरकली. गुरुमूर्तींच्या घराचं दार एकवीस दिवसांनी उघडत होतं. हे एकवीस दिवस मे महिन्याचे, तंजावूरकर ज्याला कत्तिरी म्हणतात त्या उन्हाचे. अशा दिवसांत राजवाड्यामागच्या गल्ल्यांतली कुत्रीसुद्धा दुपारी गटाराकाठची ओल शोधत फिरतात. एवढ्या दिवसांत त्या घरात कुणी पाऊल टाकलं नव्हतं. किल्ली गुरुमूर्तींच्या कमरेला बांधून काशीला जाऊन आली होती, आणि लाख जशीच्या तशी आहे हे शेजारच्या चौघांनी हात लावून पाहिलं होतं.

मागच्या अंगणात, छपराखाली, पिवळ्या कापडानं चारी बाजूंनी झाकलेलं एक मोठं लाकडी आसन होतं आणि त्यावर नऊ कुंड्या होत्या. नऊच्या नऊ हिरव्यागार. तुळशीला मंजिऱ्या आल्या होत्या, अबोली फुलली होती, मरव्याचा वास दारापर्यंत येत होता. बायकांनी देवापुढे मारतात तशा गालांवर थापट्या मारून घेतल्या. गुरुमूर्तींच्या बायकोच्या, अलमेलूच्या डोळ्यांत पाणी आलं.

आसनाशेजारी आता स्वतः जलसिद्धर जाऊन उभे राहिले; काशीला निघायच्या दिवशी आसन मांडून अभिषेक त्यांनीच केला होता. हे नाव, म्हणजे पाण्याचा सिद्धपुरुष, त्यांनी स्वतःच स्वतःला दिलेलं. पन्नाशीचे, तुकतुकीत, दाढीला तेल लावलेले. तमिळमध्ये संस्कृत आणि संस्कृतमध्ये इंग्रजी कालवून ते बोलायचे.

"यजमान काशीत गंगेत उतरले, त्या क्षणी मी इथे तिच्या धारेला बोलावलं," ते म्हणाले. "विज्ञानवाले सांगतात, पाणी म्हणजे एच टू ओ. बरोबर आहे. पण अर्थ त्यांना ठाऊक नाही. दोन एच कोण? एक हरी, एक हर. आणि ओ म्हणजे ओंकार."

शाळेत रसायनशास्त्र शिकून बँकेत चिकटलेली माणसंही या वाक्यावर माना डोलावत होती.

गर्दीच्या मागे, दाराच्या चौकटीला टेकून वसुमती उभी होती. गुरुमूर्तींची ही थोरली बहीण. मुलींच्या शाळेत एकतीस वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेली, दोन गल्ल्या पलीकडे एकटी राहणारी. एच टू ओचं हे निरूपण ऐकून ती संतापली. पण वर्गात फळ्यावरून कोपऱ्याकडे जावी तशी शिक्षिकेच्या सवयीनं तिची नजर आसनावरून अंगणाच्या कोपऱ्याकडे गेली. तिथे, भिंतीशी, क्रोटनच्या दोन कुंड्या होत्या. त्यांची पानं भाजलेल्या पापडासारखी झाली होती.

तिनं विचारलं, गंगा अंगणात आली होती तर या दोघांना तिनं का वगळलं?

सिद्धरांनी त्या कुंड्यांकडे अशा दयेनं पाहिलं, जसं नापास मुलाकडे पाहावं. "आसनाबाहेर अनुग्रह नाही, अम्मा. त्या झाडांची श्रद्धा कमी पडली."

लोक हसले. वसुमतीवर हसले, सिद्धरांवर नाही. तिनं पुढे होऊन तुळशीच्या मातीत बोट घालून पाहायचा प्रयत्न केला, तर शेषाद्री नावाच्या पट्टशिष्यानं तिचा हात धरून बाजूला केला. एक मंडल, म्हणजे अठ्ठेचाळीस दिवस पुरे होईपर्यंत आसनाला परक्याचा स्पर्श चालत नव्हता.

परक्याचा. या कुंड्यांना वीस वर्षं तिनंच पाणी घातलं होतं. भाऊ-भावजय गावाला निघाली की किल्ली तिच्याकडे यायची, आणि ती सकाळ-संध्याकाळ येऊन प्रत्येक झाडाची तहान ओळखून पाणी घालायची. फक्त दोन वर्षांपूर्वी तिला तापानं चार दिवस आडवं केलं आणि तेवढ्यात आईच्या हातची जुई वाळली. अलमेलू तोंडानं काही बोलली नव्हती. पण यंदा काशीला निघताना किल्लीचा विषयच निघाला नाही. गुरुमूर्तींनी नुसतं कळवलं की एका सिद्धपुरुषानं झाडांचं बघायचं मान्य केलंय, तू दगदग करू नकोस.

म्हणून त्या दिवशी घरी परतताना वसुमतीला आपल्याच मनाचा भरवसा वाटेना. आपल्याला आलेला संताप खोटेपणाचा आहे की किल्ली न मिळाल्याचा?

हा प्रश्न पुढच्या आठवड्यात मिटला.

सिद्धरांनी काशीयात्रेच्या चमत्कारानंतर त्याच अंगणात मुक्काम ठोकला होता. दर मंगळवारी आणि शुक्रवारी अभिषेक. आठ-आठ बादल्या पाणी त्या नऊ कुंड्यांवर ओतलं जाई आणि फरशीवर थेंबही सांडत नसे. पाणी कुठे जातं असं कुणी विचारलं तर सांगत, कावेरीला. मग आसनाच्या बगलेत बसवलेल्या पितळी गोमुखातून तीर्थ निघे. सांधेदुखीला पळीभर, दम्याला दोन पळ्या, मूल होत नसेल तर वाटीभर. पापनाशमहून बसनं माणसं येऊ लागली. कुणी बाटल्या भरून नेऊ लागलं.

आणि एका शुक्रवारी सिद्धरांनी सर्वांदेखत गुरुमूर्तींच्या डोक्यावर हात ठेवला. "नऊ कुंड्या तुम्ही पाहिल्या," ते म्हणाले. "ही दहावी. देह म्हणजे मातीची कुंडीच. जी शक्ती एकवीस दिवस बाहेरच्या पाण्यावाचून झाड जगवते, तिला हे शरीर जगवायला बाहेरची सुई कशाला हवी?"

गुरुमूर्तींना चौदा वर्षं मधुमेह होता. सहा वर्षं ते रोज दोनदा इन्सुलिन टोचून घेत होते.

ती सुई बंद झाल्याचं वसुमतीला कळलं ते फ्रिज उघडल्यावर. सिद्धर अंगणात नसण्याची वेळ साधून ती भावाला भेटायला आली होती. ताक काढायला तिनं फ्रिज उघडला, तर दाराच्या कप्प्यात इन्सुलिनची पेनं त्या शुक्रवारपासून होती तशीच, सीलबंद. गुरुमूर्ती आरामखुर्चीत बसले होते. गाल बसले होते, ओठ सुकले होते, तांब्याभर पाणी बाजूला. उजव्या पायाच्या बोटांना चिंधी गुंडाळली होती आणि तिच्यातून असा वास येत होता की ताकाचं भांडं तिनं न पिताच खाली ठेवलं. काशीच्या घाटावर नवी चप्पल लागली होती, ते म्हणाले. तीर्थानं धुतो आहे. बरं होईल.

ती रागावली, मग तिनं समजावलं, मग ती हात जोडूनसुद्धा बोलली. गुरुमूर्ती शांतपणे ऐकत राहिले. शेवटी त्यांनी एवढंच म्हटलं, "अक्का, झाडं तू पाहिलीस ना? ती खोटी होती का?"

"झाडं खरी होती," ती म्हणाली. "पाणी कुठून आलं ते तुला माहीत नाही. माहीत नाही म्हणजे मंत्र, असं का धरतोस?"

आतून अलमेलू आली. ती आवाज चढवणारी बाई नव्हती. "अक्का, तुमच्या हातून एक जुई जगली नाही. सामींनी नऊ जगवली. तुम्हाला ते सोसत नाही, एवढंच."

वसुमती उठून निघाली. मत्सर नव्हता, हे तिला आता पक्कं ठाऊक होतं. मत्सरात असा ओकारीचा उमाळा नसतो. माणसाच्या पायाला कीड लागत होती आणि एक तेलकट दाढीवाला त्यावर ओंकाराचं पाणी घालत होता.

ती कामाला लागली. एक बादली घेतली, वर फळी टाकली, फळीला भोकं पाडली आणि तीन कुंड्या ठेवल्या. प्रत्येक कुंडीच्या बुडाच्या छिद्रातून एका दोराचं एक टोक आत मातीत आणि दुसरं टोक बादलीतल्या पाण्यात सोडलं. एक नायलॉनचा, एक जुन्या सुती साडीची पिळलेली पट्टी, एक रॉकेलच्या स्टोव्हची जाड वात. सगळं सावलीत ठेवलं, माती आधी चिंब भिजवली, आणि आठ दिवस पापनाशमला वेंकटराव या चुलतभावाकडे जाऊन राहिली. तिथं तिचं जेवणात लक्ष लागेना. परत आली तेव्हा नायलॉनवालं रोप मान टाकून पडलं होतं. सुती पट्टीवालं आणि वातीवालं टवटवीत होती. बादलीतलं पाणी चार बोटं उतरलं होतं. दिव्याची वात तेल वर ओढते, तशी सुताची वात पाणी वर ओढते. वरची माती सुकेल तसं खालून पाणी चढतं. या युक्तीला ना मंत्र लागतो, ना गंगा.

दोन्ही रोपं रिक्षात घालून ती भावाकडे घेऊन गेली. गुरुमूर्तींनी ती निरखून पाहिली. चिंधीत गुंडाळलेला पाय आता स्टुलावर होता.

"तुझ्या चिंधीनं आठ दिवस झाले. सामींचे एकवीस," ते म्हणाले. एका रोपाचं पान बोटानं उचलत पुढे म्हणाले, "आणि तू असं केलंस म्हणून त्यांनीही असंच केलं, हे कसं ठरलं?"

तो प्रश्न बरोबर होता. ती वर्गात हेच शिकवत आली होती. असं घडू शकतं आणि असंच घडलं, या दोन गोष्टी वेगळ्या. दुसरी सिद्ध करायची तर आसनाखाली पाहायला हवं होतं, आणि आसनाला हात लावू देत नव्हते.

उठता उठता तिनं दंडावर चापट मारली. मग पोटरीवर. अंगणात ती जेमतेम अर्धा तास बसली होती आणि डासांनी तिला फोडून काढलं होतं. भरदुपारी चावणारे, पायांवर पांढरे पट्टे असलेले डास. ती स्तब्ध राहून बघत राहिली. ते पिवळ्या कापडाच्या चुण्यांतून बाहेर येत होते.

त्या भागात घरोघरी जाऊन डासांच्या अळ्या शोधणारी सेल्वी नावाची एक बाई होती. डेंग्यू सुरू झाला की सरकार अशा बायका नेमतं. हातात टॉर्च, खांद्याला पिशवी, पिशवीत औषधाची बाटली. फ्रिजमागची ताटली, टाकी, जुने टायर, नारळाच्या करवंट्या, जिथं म्हणून पाणी साठतं तिथं ती वाकून बघायची आणि दारामागच्या कार्डावर सही करून पुढे जायची. कधीकाळी ती वसुमतीच्या वर्गात होती. वसुमतीनं तिला सिद्धरांविषयी एक अक्षर सांगितलं नाही. फक्त म्हणाली, माझ्या भावाच्या अंगणात दिवसा डास चावतात, मंगळवारी सकाळी दहाला ये.

मंगळवारी अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. अभिषेक आटोपला होता आणि गोमुखापुढे रांग लागली होती. अप्पाजी नावाचे एक ऐंशीचे गृहस्थ अंथरुणाला खिळलेल्या बायकोसाठी बाटली भरून घेत होते. गुरुमूर्तींना खुर्चीसकट पुढे आणून बसवलं होतं. त्यांचा श्वास जोरजोरात चालला होता. सिद्धर सांगत होते की दहावी कुंडी जुनं पाणी बाहेर टाकते आहे, हे शुभलक्षण आहे.

सेल्वी आली, चप्पल बाहेर काढली, देवाला नमस्कार करतात तसा आसनाला नमस्कार केला आणि टॉर्च पेटवून खाली बसली.

शेषाद्री आडवा आला. त्यानं देवाचं स्थान, मंडल, सोवळं, सगळं सांगितलं. सेल्वीनं ऐकून घेतलं. मग कपाळावरचा घाम पुसत म्हणाली, "मला देवाचं काम नाही, सार. मला पाण्याचं काम आहे. या गल्लीत सात जण तापानं पडलेत. मी बघितल्याशिवाय सही करणार नाही."

"इथे पाणी नाही," सिद्धर म्हणाले. "आम्ही घातलेलं सगळं कावेरीला जातं."

"मग बघायला काय हरकत आहे?" ती म्हणाली, आणि तिनं पिवळं कापड उचललं.

आधी वास बाहेर आला. कुजलेल्या फुलांचा, दुधाचा, गटाराचा. आसनाखाली पाय पसरून बसावं एवढा एक निळा प्लास्टिकचा टब होता. आसनाच्या फळीला नऊ भोकं होती आणि प्रत्येकातून अंगठ्याएवढी जाड सुती वात टबात उतरली होती, शेवाळानं हिरवी झालेली. टबाला तळाशी एक तोटी आणि तोटीला नळी. ती गोमुखाला जोडली होती. पाण्यावर अभिषेकाच्या दुधाची साय धरली होती. टॉर्चचा उजेड पडला तसं सगळं पाणी वळवळू लागलं. शेकडो अळ्या होत्या. आणि कडेला, पोट फुगून पांढरी झालेली एक पाल तरंगत होती.

तीर्थाची पळी तोंडाला लावलेल्या एका बाईनं पळी टाकली आणि तिथेच ओकली. मग दुसऱ्या दोघींनी. अप्पाजी हातातली बाटली उन्हात धरून बघत राहिले. तीत तळाशी दोन बारीक धागे हलत होते. गेले तीन आठवडे ते चमच्या-चमच्यानं हे बायकोच्या तोंडात घालत होते. त्यांनी बाटली हळूच जमिनीवर ठेवली.

सिद्धर अजूनही बोलत होते. अळ्या हेही जीवच आहेत, अमृतात जीव उत्पन्न होतो, विषात नाही, म्हणून हेच अमृताचं प्रमाण, असं ते म्हणाले. वसुमतीनं आयुष्यात पुष्कळ खोटं ऐकलं होतं, पण पालीच्या प्रेतापुढे उभं राहून इतक्या गोड आवाजात कुणी बोलू शकतं हे तिला माहीत नव्हतं. तिला त्या माणसाचा राग आला नाही. चपलेला काही चिकटावं तशी किळस आली.

"मग तुम्ही प्या," ती म्हणाली. तिनं अप्पाजींची बाटली उचलून त्यांच्यापुढे धरली. "एक घोट."

सिद्धरांनी बाटलीकडे पाहिलं. त्यांचा हात पुढे आला नाही. तेवढं एकच दृश्य लोकांना पुरलं. त्यापुढे कुणी त्यांचं निरूपण ऐकलं नाही. शेषाद्रीनं टेम्पो बोलावला आणि गुरू-शिष्य मागच्या दारानं निघून गेले. आसन, टब, पाल, सगळं मागे ठेवून.

वसुमती भावापाशी गेली. "प्रवासाला निघालास त्या दिवशी आठ बादल्या अभिषेकाला तूच भरून दिल्यास ना?" गुरुमूर्तींनी मान हलवली. "तेच पाणी. तुझ्याच विहिरीचं, तूच ओढलेलं. एकवीस दिवस झाडं ते प्यायली." गुरुमूर्ती टबाकडे बघत होते. बोलायला त्यांनी तोंड उघडलं, पण मान एका बाजूला कलली.

इस्पितळात डॉक्टर भारतींनी पायाची चिंधी सोडली आणि नर्सला खिडकी उघडायला सांगितली. साखर यंत्राच्या आकड्यापलीकडे गेली होती, रक्तात आम्ल साठलं होतं. पाच दिवस अतिदक्षता विभागात गेले. पायाची दोन बोटं कापावी लागली. आणखी आठवडा गेला असता तर घोट्यापर्यंत पाय कापावा लागला असता, किंवा कापायला माणूसच उरला नसता, असं डॉक्टर म्हणाल्या.

तिसऱ्या दिवशी इस्पितळाच्या बाकावर अलमेलू वसुमतीशेजारी येऊन बसली. मग विचारलं, "अक्का, आम्ही इतके मूर्ख होतो का?"

"नाही," वसुमती म्हणाली. "त्याला सहा वर्षं रोज दोनदा सुई टोचायचा कंटाळा आला होता. तो कंटाळा त्या माणसानं ओळखला. झाडं नुसतं निमित्त होतं."

"तुम्ही आधी सांगत होतात."

"मी सांगत होते. दाखवत नव्हते. नुसत्या सांगण्यावरून तुम्ही त्याचं ऐकलंत, आणि नुसत्या सांगण्यावरूनच माझंही ऐका, असं मी म्हणत होते. ते चूक होतं."

त्या रविवारी वसुमतीनं तो निळा टब घासून, औषध टाकून धुतला आणि गल्लीच्या मधोमध ठेवला. वर झाकण म्हणून बारीक जाळी, जाळीवर फळी, फळीवर कुंड्या. आसपासची पन्नासेक माणसं आली होती. काही शरमलेली, काही अजून सिद्धरांची बाजू घेणारी. तिनं कुणालाच टोमणा मारला नाही. सुती वात कशी भिजवून घ्यायची, छिद्रातून मुळांपर्यंत कशी सारायची, निघण्याआधी माती कशी चिंब करायची, कुंड्या उन्हातून काढून सावलीत जवळजवळ कशा ठेवायच्या, हे तिनं मुलींना शिकवावं तसं शिकवलं. क्रोटन का मेले तेही सांगितलं. त्यांची श्रद्धा कमी नव्हती. त्यांच्या बुडाला वात नव्हती आणि डोक्यावर छप्पर नव्हतं.

शेवटी ती म्हणाली, "ही युक्ती चांगली आहे. गावाला जाताना प्रत्येकानं वापरावी. वाईट एवढंच झालं की तिच्यावर कापड घातलं गेलं. कुंडीत पाणी चढवता येणाऱ्याला रक्तातली साखर कळते, असं आपण धरून चाललो. तो सिद्धर आता पलीकडच्या एखाद्या गावात दुसऱ्या कुणाच्या अंगणात आसन मांडत असेल. तुमचे नातेवाईक तिथेही राहतात. त्यांना फोन करून सांगा. माझ्यावर विश्वास ठेवा असं सांगू नका, मला तुमचा विश्वास नको. एवढंच सांगा की पाणी कुठून येतं हे विचारा, आणि वाकून बघा. आणि जो माणूस वाकून बघू देत नाही, त्याच्या हातचं पाणी पिऊ नका."